कोणत्या पाकळीला कोणता कागद

महाराष्ट्राचे राज्यफूल ताम्हण. एप्रिल-मे महिन्यांत, उन्हाने माणसे हैराण झालेली असताना, हे झाड जांभळ्या तुऱ्यांनी भरून जाते. त्यातले एक फूल हातात घेऊन नीट पाहिले तर बहुधा सहा पाकळ्या दिसतात, मध्ये पिवळ्या पुंकेसरांचा झुबका असतो आणि प्रत्येक पाकळी चुरगळलेली असते, कुणी मुठीत आवळून नुकतीच सोडून द्यावी तशी. झाडावर घडतेही काहीसे तसेच. ताम्हणाच्या कळीत पाकळ्या घडी घातलेल्या नसतात, दाबून कोंबलेल्या असतात. कळी उमलल्यावरही त्या चुण्या जात नाहीत.

आता स्टेशनरीच्या दुकानातला क्रेप कागद पाहावा. कारखान्यात ओलसर कागद रुळाला चिकटवून पात्याने खरवडून काढतात, तेव्हा त्याला बारीक चुण्या पडतात. या चुण्यांमुळे तो ताणता येतो आणि कड दोन बोटांनी ओढली की ती लहरत राहते. ताम्हणाचे फूल करायला बसलेल्या मुलीपुढे घोटीव कागद, वर्तमानपत्र आणि क्रेप असे तीन तुकडे ठेवावेत आणि शेजारी खरे फूल ठेवावे. कोणता कागद घ्यायचा हे तिला सांगायची गरज पडत नाही.

या पुस्तकातली सगळी फुले अशा जोड्यांवर उभी आहेत. एका बाजूला खरे फूल, दुसऱ्या बाजूला घरात आधीपासून असलेली एखादी वस्तू, आणि दोघांच्या स्वभावात कुठेतरी जुळणारे सूत. रद्दी, लसणाची साले, मक्याच्या कणसाची पाने, अंड्यांचे ट्रे, जुन्या लग्नपत्रिका, शिंप्याकडच्या चिंध्या, समईसाठी आणलेला कापूस, लोकरीचे उरलेले गुंडे, खराट्याच्या काड्या. यातल्या बहुतेक गोष्टींना पैसे पडत नाहीत, उरलेल्यांना अगदी थोडे पडतात. त्या निवडण्याचे मोठे कारण मात्र वेगळे आहे. या वस्तूंना पोत आहे, जाडी आहे, वाक आहे, शिरा आहेत. फोमच्या एकसारख्या गुळगुळीत शीटमधून गुलाब कापा, कमळ कापा की जास्वंद कापा, तिन्हींचा पोत एकच राहतो. लसणाच्या सालीतून मात्र तिला साजतील तीच फुले नीट होतात. ती कोणती, हे शोधताना मूल फुलाकडेही पाहते आणि सालीकडेही. या पुस्तकाला मुलांकडून हवे आहे ते हे दुहेरी पाहणे.

काही जोड्या इथेच सांगायला हव्यात, म्हणजे पुढच्या प्रकरणांचा रोख कळेल.

गणपतीच्या दिवसांत बाजारात केवड्याचे कणीस येते. लांब, टोकदार, फिकट पिवळी पाने एकात एक गुंडाळलेली. मक्याचे कणीस सोलताना बाहेरची राठ हिरवी पाने काढली की आत तशीच फिकट, मऊ पाने मिळतात. ती थोडा वेळ पाण्यात भिजवली की हवी तशी वळतात आणि दोरा बांधून सावलीत वाळवली की दिलेला आकार धरून ठेवतात. त्यांवरच्या उभ्या शिराही केवड्याशी जुळतात. रंग द्यावा लागत नाही, कात्री फार लागत नाही. कणसे खाऊन झाल्यावर जे कचऱ्यात जाते, त्यातून सहा-सात वर्षांचे मूल एका दुपारी केवडा करू शकते.

डाळिंबाचे फूल अनेकांनी नीट पाहिलेलेच नसते. बाहेर जाड, चामड्यासारखा, टोकेदार लाल पेला आणि त्यातून डोकावणाऱ्या नाजूक, चुरगळलेल्या पाकळ्या. वनस्पतिशास्त्रज्ञ आज डाळिंबाला ताम्हणाच्याच कुळात ठेवतात, आणि पाकळ्यांच्या चुण्या हे त्या नात्यातले एक डोळ्यांना दिसणारे साम्य आहे. करायला घेताना इथे दोन वेगळी साहित्ये लागतात. अंड्यांचा ट्रे रद्दी कागदाच्या लगद्यापासून साच्यात दाबून केलेला असतो. त्याचा एक पेला कापून कडेला टोके काढली की तो जाड पुष्पकोश तयार होतो. आत बसवायला लाल पतंगाचा कागद मुठीत चुरगळून घ्यायचा. एकाच फुलात जाड आणि तलम यांचा असा संसार असतो, हे करताना हाताला कळते.

बाभळीच्या फुलाला पाकळ्या असतात, पण दिसत नाहीत. दिसतो तो असंख्य पुंकेसरांचा पिवळा गोंडा. त्यामुळे तिथे कागद निरुपयोगी ठरतो आणि लोकर कामाला येते. दोन बोटांभोवती लोकर गुंडाळायची, मध्ये घट्ट बांधायची, दोन्हीकडचे फास कापायचे आणि गोंडा गोल छाटायचा. जरा मोठा केला की तोच कदंब. दिवाळीच्या सुक्यामेव्याच्या डब्यातून उरलेली पिस्त्याची टरफले कमळाच्या पाकळीचा खोलगटपणा घेऊनच आलेली असतात. लसणाची आतली साल पांढरी, किंचित चमकदार आणि पाकळीभोवती राहून वाकलेली असते. मोगऱ्याच्या कळीला ती शोभते. पतंगाचा झिरझिरीत कागद बोगनवेलीला. तिथे मुलांना एक आश्चर्यही भेटते. बोगनवेलीत आपण ज्यांना पाकळ्या समजतो ती तीन रंगीत पाने असतात, आणि खरी फुले म्हणजे त्यांच्या आत उभ्या असलेल्या बारीक नळ्या.

भेंडीची गोष्ट तर सांगितल्याशिवाय राहवत नाही. जून झालेली भेंडी आडवी कापली, रंगात बुडवली आणि कागदावर उठवली की बहुधा पाच पाकळ्यांचे फूल उमटते. भेंडी, जास्वंद आणि कापूस ही एकाच कुळातली झाडे. पाचांचा हिशेब या कुळात वारंवार दिसतो: भेंडीच्या फुलाला पाकळ्या पाच आणि फळात कप्पेही साधारण पाच. भाजी चिरताना रोज समोर येणारी ही आकृती एकदा ठसा म्हणून उठवली की मूल पुढच्या वेळी चिरलेल्या कांद्याकडे, लिंबाकडे, भोपळी मिरचीकडे त्याच नजरेने पाहू लागते.

म्हणून या पुस्तकातले प्रत्येक प्रकरण खऱ्या फुलापासून सुरू होते. आधी फूल आणायचे, मग पाहायचे, शक्य असेल तर उकलायचे, आणि नंतर साहित्याकडे वळायचे. हा क्रम पाळण्याचा आग्रह आहे. पाच-सहा वर्षांच्या मुलाला नुसते फूल काढायला सांगितले तर ते बहुतेक वेळा मध्ये एक गोल आणि भोवती काही गोल काढते. ते फूल कुठल्याच झाडाचे नसते. जास्वंदीचे फूल हातात दिले की चित्र बदलते. पाच पाकळ्या, त्या एकीवर एक कलत्या, मधून बाहेर आलेली लांब दांडी, दांडीवर पिवळ्या परागकोशांची गर्दी आणि टोकाला पाच लाल ठिपके. ती दांडी म्हणजे पुंकेसरांचे तंतू एकत्र येऊन झालेली नळी, आणि तिच्या आतून बाहेर आलेली टोके स्त्रीकेसराची. शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकातली ही आकृती अनेकांनी परीक्षेसाठी गिरवलेली असते. उदबत्तीच्या काडीला पिवळा रवा चिकटवून ती दांडी ज्याने स्वतः केली, त्याला ती पाठ करावी लागत नाही.

गुलमोहर हे असेच एक उदाहरण. शहरातल्या मुलांच्या पायाखाली मे-जूनमध्ये त्याचा सडा पडलेला असतो. पाच पाकळ्यांपैकी चार लालभडक असतात आणि पाचवी वेगळी असते. जरा मोठी, पांढुरकी किंवा पिवळसर, तिच्यावर लाल शिंतोडे. करायला बसल्याशिवाय हा फरक लक्षात येत नाही. पाचही पाकळ्या लाल कापून झाल्यावर एखादे मूल खऱ्या फुलाकडे पाहते आणि थांबते. मग ती एक पाकळी पुन्हा कापली जाते, तिच्यावर कुंकवाचे किंवा रंगाचे ठिपके दिले जातात. असे थांबणे घडावे म्हणून खरे फूल शेजारी हवे.

झेंडूची तऱ्हा आणखी निराळी. दसऱ्याच्या तोरणातला वाळलेला झेंडू कुस्करला की प्रत्येक ‘पाकळी’च्या बुडाशी एक काळे, लांबट बी निघते. कारण झेंडू हे एक फूल नसते, अनेक लहान फुलांचा तो गुच्छ असतो. त्यामुळे कागदाचा झेंडू करण्याची सरळ रीतही गुच्छाचीच: पिवळ्या-केशरी कागदाच्या लांब पट्ट्या, कडेला बारीक कातरलेल्या, काडीभोवती एकावर एक गुंडाळलेल्या. हे झाड मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या भागातले. मेक्सिकोत मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, नोव्हेंबरच्या सुरुवातीला, घरातल्या वेदीवर झेंडू वाहतात आणि तलम कागदाचीही फुले करून सजवतात. दसऱ्याला दारावर झेंडू बांधणाऱ्या मराठी घरातल्या मुलाला ही गोष्ट सांगितली की नकाशात मेक्सिको कुठे आहे, हे ते आपण होऊन विचारते.

फुले करताना गणितही आपोआप शिरते, आणि तेही अवघड जागीच. कागदाची चौकोनी घडी अर्धी, पुन्हा अर्धी, पुन्हा अर्धी केली आणि कापली की आठ पाकळ्या येतात. ते सोपे आहे, म्हणून मुलांची पहिली कागदी फुले बहुतेक आठ पाकळ्यांची असतात. बागेत मात्र तगर, सदाफुली, चाफा, कण्हेर, धोतरा, जास्वंद अशी पाचांचीच रांग लागते. पाच पाकळ्यांसाठी घडी 36 अंशांची पडावी लागते, आणि नुसते अर्धे-अर्धे करून ती मिळत नाही. यावर एक सुंदर युक्ती आहे. कागदाच्या समान रुंदीच्या लांब पट्टीला साधी गाठ मारायची, हळूहळू ओढून ती सपाट दाबायची. गाठीचा आकार नियमित पंचकोन होतो. कंपास नाही, कोनमापक नाही. पाच पाकळ्यांच्या फुलाचा साचा हातात येतो आणि तो का आला, हा प्रश्न वरच्या वर्गातल्या मुलांना अनेक दिवस पुरतो.

कागदाच्या घडीतून भूमिती शिकवण्याची परंपरा भारतात जुनी आहे. मद्रासच्या टी. सुंदर राव यांचे कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारे पुस्तक 1893 साली निघाले. बालवाडीतल्या कागदकामावरून आपल्याला ही कल्पना सुचली, असे त्यांनी नोंदवले आहे. पुढे 1901 मध्ये त्याची अमेरिकेत आवृत्ती निघाली. जपानमध्ये ‘कुसुदामा’ नावाचे फुलांचे गोळे करतात. त्यातला एक प्रसिद्ध प्रकार असा: पाच चौकोनी तुकड्यांचे एक फूल, आणि अशी बारा फुले जोडून एक गोळा, म्हणजे एकूण 60 तुकडे. बारा पंचकोनी बाजूंची घनाकृती मुलांनी पुस्तकात पाहण्याआधी अशी दोऱ्याला टांगलेली पाहिली, तर पुढे ती ओळखीची वाटते.

कागदालाही अंग असते, हे या कामातले सगळ्यात उपयोगी ज्ञान. यंत्रावर कागद तयार होताना त्याचे तंतू बरेचसे एका दिशेने झोपतात. वर्तमानपत्र वरून खाली फाडले तर बऱ्यापैकी सरळ फाटते, आडवे फाडले की वेडेवाकडे जाते. ही चाचणी चार वर्षांचे मूलही करू शकते आणि त्याला ती खूप आवडते. तंतूंच्या दिशेने कागद सहज वळतो आणि त्याची घडी स्वच्छ पडते. पाकळी पेन्सिलीवर गुंडाळून वाकवायची असेल तर कोणत्या बाजूने कापायची, हे यावरून ठरते. क्रेपमध्ये चुण्या पाकळीच्या लांबीला उभ्या ठेवायच्या, म्हणजे पाकळी रुंदीत ताणून तिला खोलगट करता येते. चुण्या आडव्या ठेवण्याच्या एका चुकीमुळे कित्येक घरांत क्रेपचे गुलाब फसतात आणि दोष मुलाच्या हाताला दिला जातो.

तंतूंचाच दुसरा खेळ पाण्यावरचा. जाडसर वहीच्या कागदाचे कमळ कापायचे, पाकळ्या मध्याकडे दुमडायच्या आणि ते ताटातल्या पाण्यावर अलगद सोडायचे. कागद पाणी शोषतो, तंतू फुगतात, घडी सैल होते आणि पाकळ्या एकेक करून उघडतात. वर्तमानपत्राचे फूल झटकन उमलते, पत्रिकेच्या जाड कागदाचे सावकाश. कोणते आधी उमलेल याचा अंदाज मुलांकडून आधी घ्यावा आणि मग पाहावे. काळ्या स्केचपेनने टिपकागदावर वर्तुळ काढून मध्यभागी पाण्याचा थेंब सोडला तर काळ्यातून निळे, जांभळे, पिवळे असे रंग वेगळे होत बाहेर पसरतात. तो कागद चिमटीत धरून बांधला की फूल तयार. प्रयोगशाळेत रंगद्रव्ये वेगळी करण्याची जी पद्धत शिकवतात, तिचेच हे घरगुती रूप.

पाकळी आणि कागद यांचे साम्य हेरण्यातून केवढे काम उभे राहू शकते, याचे जगातले एक मोठे उदाहरण मेरी डिलेनी या इंग्रज बाईंचे. 1772 साली, वयाच्या 72 व्या वर्षी, त्यांनी कागदाच्या तुकड्यांतून फुले रचायला सुरुवात केली. जिरेनियमची गळलेली पाकळी आणि टेबलावरचा लाल कागद यांचा रंग एकच आहे हे त्यांच्या लक्षात आले आणि तिथून हे सुरू झाले, असे सांगतात. एकेका फुलासाठी कागदाचे शेकडो बारीक तुकडे कापून त्या काळ्या पार्श्वभूमीवर चिकटवत. पाकळीवरची शीर, पानावरचा किडीचा डागही त्या सोडत नसत. दहा वर्षांत, दृष्टी अधू होईपर्यंत, त्यांनी 985 चित्रे पूर्ण केली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

फुले करण्याचे काम एकट्याचेच असते असेही नाही. पोर्तुगालमधल्या कांपो मायोर या गावात रहिवासी महिनोन्महिने कागदी फुले करतात आणि उत्सवाच्या दिवशी सगळ्या गल्ल्या त्यांनी छतासारख्या झाकून टाकतात. युनेस्कोने 2021 मध्ये या उत्सवाची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशात केली. बंगालमधले मालाकार शोला या पाणवनस्पतीच्या पांढऱ्या, हलक्या गाभ्यातून देवीचे अलंकार आणि फुले कोरतात. आपल्याकडे अशाच हलक्या भेंडाची बाशिंगे होत. आणि मराठी घरात तर कापसाची वस्त्रे अजून होतात. देवघरासमोर बसून आजी कापूस ओढते, ठरावीक अंतरावर पीळ देते आणि कुंकवाचे बोट लावत गेजवस्त्र पूर्ण करते. कापूस किती ओढला म्हणजे तुटत नाही, हे तिच्या बोटांना माहीत असते. या पुस्तकातले कापसाचे प्रकरण आजीला शेजारी बसवूनच करावे.

लहान मुलांच्या शिक्षणात हाताला काम देण्याचा विचारही नवा नाही. जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेल यांनी 1837 मध्ये सुरू केलेल्या बालशाळेत कागद दुमडणे, कापणे, विणणे हे उद्योग होते. महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हा विचार आपल्या मातीत रुजवला. 1945 मध्ये बोर्डीला आणि 1957 पासून कोसबाडला त्यांनी जे काम केले, त्यात महागड्या परदेशी साधनांची जागा खडे, शिंपले, बिया, पाने, काड्या आणि माती यांनी घेतली. वाडीवरच्या आदिवासी मुलांच्या अंगणात शाळा न्यायची, तर साधनेही अंगणातच मिळायला हवीत, हे त्यांनी प्रत्यक्ष करून दाखवले. 1937 च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली. 1964 ते 1966 या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली, आणि तो विषय अनेक पिढ्यांच्या गुणपत्रिकेत राहिला. पुढे अरविंद गुप्ता यांनी आगकाड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, जुनी वर्तमानपत्रे यांतून शेकडो खेळणी केली आणि पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून ती मुलांपर्यंत पोचवली. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना शाळा आणि स्थानिक हस्तकौशल्ये सुचवली आहेत. हे पुस्तक याच वाटेवरचे आहे आणि त्या सगळ्यांचे ऋण ते मानते.

तरीही कार्यानुभवाच्या नावाखाली घराघरांत जे चालते, त्याबद्दल स्पष्ट बोलणे भाग आहे. उद्या शाळेत फूल न्यायचे आहे हे रात्री नऊला कळते. दुकानातून तयार किट येते. मूल झोपते आणि आई-वडील जागून फूल पुरे करतात. सकाळी वर्गात सुबक फुलांची रांग लागते, त्यात मुलांच्या हातचे फारसे काही नसते. किटमधला कापून आलेला तुकडा एकच असतो, तो बिघडला तर दुसरा नाही. म्हणून मोठ्यांचा जीव वर-खाली होतो आणि हात आपोआप पुढे येतो. रद्दीच्या बाबतीत ही भीती राहत नाही. वर्तमानपत्राची पाकळी फाटली तर शेजारी अख्खा गठ्ठा पडलेला असतो. स्वस्त साहित्याची खरी किंमत इथे आहे: मूल पाच वेळा बिघडवू शकते आणि कोणी कपाळाला आठी घालत नाही. मुलाने केलेले फूल वाकडे होईल. ते तसेच शाळेत जाऊ द्यावे, आणि शिक्षकांनीही त्याला पहिल्या रांगेत जागा द्यावी.

सणांच्या निमित्ताने या कामाला आज एक निकडही आली आहे. महाराष्ट्राने 2018 मध्ये थर्माकोलच्या सजावटीवर बंदी घातली आणि 1 जुलै 2022 पासून ती देशभर लागू झाली. थर्माकोलची मखरे गेली, पण बऱ्याच घरांत त्यांच्या जागी प्लॅस्टिकच्या फुलांच्या माळा आल्या. त्या धूळ खातात, रंग उडाला की फेकल्या जातात आणि कुजत नाहीत. मुलांनी केलेली कागदी फुले, मक्याचा केवडा, लोकरीचे गोंडे यांनी सजलेले मखर दहा दिवस छान टिकते. विसर्जनानंतर लोकर आणि पिस्त्याची टरफले डब्यात परत जातात, कागद रद्दीत किंवा खतात जातो. गौरीच्या आरासीसाठी, दिवाळीच्या किल्ल्यावरच्या बागेसाठी, स्नेहसंमेलनातल्या डोक्यावरच्या वेण्यांसाठी, पोळ्याच्या बैलाच्या झुलीसाठी करता येतील अशी फुले या पुस्तकात वेगळी दाखवली आहेत.

आता थोडे व्यवहाराचे. तीन-चार वर्षांच्या मुलांना कात्री देण्याची घाई नको. कागद फाडणे, चुरगळणे, चिकटवणे आणि ठसे उठवणे हीच त्यांची फुले. मणी, डाळी, टरफले या वयात तोंडात जातात, म्हणून ती लांब ठेवावीत. पाच-सहा वर्षांपासून गोल टोकाची कात्री मोठ्यांच्या देखरेखीखाली चालते. डावखुऱ्या मुलांना नेहमीची कात्री अडते, ते त्यांचे अनाडीपण नसते. त्यांच्यासाठी डावखुरी कात्री मिळते. तार वळवणे, सुईने ओवणे आणि काटेकोर घड्या हे आठ वर्षांनंतरचे काम. गरम गोंदाची बंदूक मुलांच्या हाती देऊच नये.

चिकटवायला घरची खळ उत्तम. एक वाटी मैदा चार वाट्या गार पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवावा, मंद आचेवर सतत ढवळावा, दाट आणि जरा पारदर्शक झाला की उतरवावा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती आंबू लागते, म्हणून लागेल तेवढीच करावी. बुकबाइंडर खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालत. ते विषारी आहे, मुलांच्या खळीत ते घालायचे नाही. रंगांसाठी हळदीचे पाणी, बिटाचा रस, चहाचा काढा पुरेसे आहेत. हळदीने पिवळ्या केलेल्या कागदावर साबणाचे पाणी लावले की तो लालसर होतो, आणि त्यावर लिंबू पिळले की परत पिवळा. एकाच कागदातून दोन रंगांची पाकळी मिळते. हे रंग उन्हात उडतात, एवढे मुलांना आधी सांगून ठेवावे.

पुस्तकाची मांडणी ऋतूप्रमाणे आहे. उन्हाळ्यात ताम्हण, गुलमोहर आणि मोगरा, पावसाळ्यात तेरडा, केवडा आणि कमळ, हिवाळ्यात शेवंती आणि झेंडू. पहिल्या पानापासून क्रमाने जायची गरज नाही. ज्या महिन्यात पुस्तक हाती येईल, त्या महिन्यात अंगणात, गच्चीवर किंवा रस्त्याच्या कडेला जे फुलले असेल तिथून सुरुवात करावी. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक पान कोरे सोडले आहे. आपल्या भागातले, पुस्तकात नसलेले एखादे फूल आणि त्याला साजेशी घरातली वस्तू मुलांनी तिथे नोंदवावी. विदर्भातल्या मुलाला पळस सुचेल, कोकणातल्या मुलीला सुरंगी, परदेशातल्या मराठी घरात ट्युलिप किंवा डॅफोडिल. त्या पानांवर जे लिहिले जाईल, ते या पुस्तकात नसलेले ज्ञान असेल.

वाचकांना एवढीच विनंती आहे. आजपासून घरात एक रिकामे खोके ठेवावे आणि त्यात आठवडाभर लसणाची साले, पत्रिका, लोकर, अंड्यांचे ट्रे, कणसाची पाने जमा करावीत. रविवारी मुलाला घेऊन फिरायला जावे आणि गळून पडलेले एक फूल उचलून आणावे. खोके मुलापुढे उघडावे, फूल शेजारी ठेवावे आणि यातले या फुलाला काय साजेल, हे त्यालाच ठरवू द्यावे.